किल्ली कोणापाशी? परवलीच्या वाक्याचा इतिहास आणि आपल्या फायली



आजच्या व्याख्यानाचे निमित्त आहे एक लॅपटॉप. आमचे एक जुने सहकारी, इतिहासाचे अध्यापक, काही वर्षांपूर्वी अचानक गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी त्यांचा लॅपटॉप पिशवीत घालून आमच्याकडे आल्या. आमचा पेशा तत्त्वज्ञानाचा, पण तर्कशास्त्र शिकवता शिकवता संगणकाची गोडी लागली, आणि मित्रमंडळींत आम्ही उगीचच 'जाणकार' ठरलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची सगळी टिपणं यात आहेत. पुस्तक करायचं होतं त्यांना. बघा जरा."

लॅपटॉप उघडला. त्यात टिपणांची एकच मोठी फाइल होती आणि ती एन्क्रिप्ट केलेली होती. तिचे परवलीचे वाक्य एकाच ठिकाणी होते, आमच्या मित्राच्या डोक्यात. तीन संध्याकाळी आम्ही बसलो. मुलांची नावे, गावाचे नाव, जन्मतारखा, त्यांच्या आवडत्या अभंगांच्या ओळी, सगळे करून पाहिले. फाइल उघडली नाही, आजही उघडलेली नाही.

शेवटच्या संध्याकाळी वहिनींनी विचारले, "कंपनीला फोन करून नाही का चालणार? बँकेचा पासवर्ड विसरला की नवा मिळतो की लगेच." प्रश्न साधा होता. त्याचे नीट उत्तर आम्हाला त्या वेळी देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करू.

पहारेकरी आणि कुलूप

'परवलीचा शब्द' हा आपल्या भाषेत छावणीतून, गडाच्या दरवाजातून आलेला. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवायचे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगायचा. आता बघा, इथे एक माणूस उभा आहे. शब्द विसरला तरी तो माणूस विचार करू शकतो. आतून ओळखीच्या कोणाला तरी बोलावील, तोंडावर मशाल धरून पाहील, खात्री पटली तर दरवाजा उघडील. बँकेचे, ई-मेलचे तसेच आहे. 'पासवर्ड विसरलात?' या बटणामागे हा पहारेकरीच बसलेला असतो. मोबाइलवर आकडा पाठवून, जुनी माहिती विचारून तो आपली ओळख पटवतो आणि नवा शब्द ठरवून देतो.

एन्क्रिप्ट केलेल्या फायलीपाशी असा कोणी बसलेला नसतो. तिथे मजकूर गणिताने असा काही ढवळून टाकलेला असतो की योग्य किल्लीशिवाय तो मजकूरच राहत नाही, नुसते आकडे उरतात. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याच्याकडेही आपले वाक्य नसते, आणि ते नसावे हाच त्या रचनेचा हेतू. म्हणून फोन करायचा कोणाला? ज्या गुणामुळे चोर बाहेर राहतो, त्याच गुणामुळे वहिनीही बाहेर राहिल्या. गणिताला चोर आणि वारस यांतला फरक कळत नाही.

गुपित कुलपात की किल्लीत?

ही रचना एका दिवसात आलेली नाही. लहानपणी आपण सगळ्यांनीच 'च'ची भाषा बोलून मोठ्यांना चकवलेले आहे. निदान आपल्याला तसे वाटत असे. त्या भाषेची किल्ली वेगळी नसते, पद्धत हेच गुपित. धाकट्या भावाला पद्धत कळली की संपले, त्या दिवसापासून सगळीच वाक्ये उघडी.

याचे मोठे, गंभीर उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. महानुभाव पंथीयांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास सुरुवात केली. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी. ती रवळोबासांनी सिद्ध केली असे परंपरा सांगते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, असे तिचे सूत्र. ग्रंथ पवित्र, ते परक्या हाती पडून बिघडू नयेत, ही त्यामागची काळजी. परिणाम असा झाला की लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला कित्येक शतके दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. सूत्र एकदा बाहेर आले आणि एक पोथी उघडली तशा त्या लिपीतल्या बाकीच्याही उघडू लागल्या. सकळ लिपीकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत, एवढे ध्यानात असू द्या.

पद्धत आणि किल्ली यांची स्पष्ट फारकत केली ती पॅरिसमध्ये जर्मन शिकवणाऱ्या एका भाषातज्ज्ञाने. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे मूळचे डच. १८८३ साली त्यांनी लष्करी गूढलेखनावर फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला आणि चांगल्या पद्धतीसाठी सहा अटी सांगितल्या. दुसरी अट अशी, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. म्हणजे कुलपाची रचना चौकात मांडली तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असावे. आज आपण वापरतो त्या एन्क्रिप्शनच्या पद्धती याच न्यायाने जगासमोर उघड असतात, त्या कोणीही वाचून तपासाव्यात.

दुसऱ्या अटीचा उल्लेख सगळीकडे होतो. आम्हाला मात्र तिसरी अधिक महत्त्वाची वाटते. ती अशी, की किल्ली कागदावर न उतरवता लक्षात ठेवता आणि सांगता यावी, आणि हवी तेव्हा बदलता यावी. बघा, गुपित कुलपातून काढून किल्लीत ठेवले आणि किल्ली नेऊन ठेवली माणसाच्या स्मरणशक्तीत. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अडचणी या एका अटीत दडलेल्या आहेत.

माणूस किल्ली कशी निवडतो

पहिली अडचण अशी, की किल्ली निवड म्हटले की माणूस आळस करतो.

जर्मन सैन्याचे एनिग्मा यंत्र आपल्याला ऐकून माहीत आहे. त्याच्या रोजच्या किल्ल्या छापील तक्त्यांवरून येत. नौदलाचे असे कागद तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापत, जहाज शत्रूच्या हाती पडलेच तर अक्षरे नाहीशी व्हावीत म्हणून. इतकी काळजी! पण तीसच्या दशकात प्रत्येक संदेशासाठी आणखी तीन अक्षरांची किल्ली यंत्रावर बसलेल्या शिपायाने स्वतः निवडायची होती. त्याने काय निवडावे? एकच अक्षर तीनदा. त्याला बंदी झाली, तेव्हा टंकफलकावर शेजारी असलेली अक्षरे. पोलंडचे गणिती मारियान रेयेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या सवयींचा फार उपयोग झाला. यंत्राच्या गणिताइतकीच ही माणसाची सवय त्यांच्या कामी आली.

संगणकाच्या काळातही तेच. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ च्या सुमारास फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आणले. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाला संगणकाचा वेळ अपुरा पडत होता. त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली! पुढे १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायलींवर काम करत असताना त्यांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी संगणकावर येईल त्याला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. हा पहारेकऱ्याचा जमाना होता, आणि पहारेकऱ्याची वहीच उघडी पडली.

यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या एका लेखात सविस्तर मांडला. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्याचे उलटे न फिरवता येणारे गणिती रूप ठेवायचे, आणि त्यात प्रत्येकासाठी वेगळी चिमूट मिसळायची. त्या चिमटीला ते 'मीठ'च म्हणतात. मीठ वेगळे, म्हणून दोघांचा पासवर्ड एक असला तरी रूप वेगळे. त्याच लेखात त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात नाहीतर नावांच्या यादीत सापडणारे होते. पंधरा जणांचा पासवर्ड तर एका अक्षराचा होता. हसू नका, आपणही त्याच माळेचे मणी आहोत.

शब्दाकडून वाक्याकडे

छोटा शब्द सहज सापडतो आणि अवघड शब्द विसरतो. मग करायचे काय? १९८२ साली सिग्मंड पोर्टर यांनी सुचवले की शब्दाच्या जागी अख्खे वाक्य घ्यावे. माणसाला विचित्र चिन्हांपेक्षा वाक्य सहज आठवते, आणि लांबीमुळे ते शोधायलाही कठीण. परवलीच्या वाक्याची, पासफ्रेजची कल्पना ही अशी आली.

ती सामान्य माणसाच्या हाती पोहोचली १९९१ मध्ये. फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचा प्रोग्रॅम फुकट वाटला. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा बळकट एन्क्रिप्शनची निर्यात म्हणजे शस्त्राची निर्यात धरत. त्यामुळे झिमरमन यांच्यामागे १९९३ पासून सरकारी चौकशी लागली, ती १९९६ च्या जानेवारीत आरोप न ठेवता बंद झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने पीजीपीतली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे किल्लीचे दोन मजले. खरी किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती माणसाला पाठ होणे अशक्य. म्हणून ती डिस्कवर एका फायलीत राहते, आणि ती फाइल आपल्या वाक्याने बंद केलेली असते. घरात तिजोरीची किल्ली कपाटात ठेवून कपाटाची किल्ली कनवटीला लावतात, तसे.

आज डिस्क किंवा पेन ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारे बहुतेक प्रोग्रॅम याच दोन मजल्यांवर चालतात. यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, वाक्य बदलले तरी सगळी डिस्क पुन्हा ढवळावी लागत नाही, फक्त कपाटाचे कुलूप बदलते. दुसरी, जुन्या बॅकअपला मात्र जुनेच वाक्य लागते, तेव्हा जुने वाक्य फुटले असेल तर जुना बॅकअपही फुटला असे समजावे. तिसरी, आतली किल्ली ज्या छोट्या भागात ठेवलेली असते तो भाग खराब झाला, तर वाक्य तोंडपाठ असूनही काही उघडत नाही. म्हणून किल्लीच्या फायलीची वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच.

आता वाक्य कोणते घ्यावे? आमच्या मित्राच्या फायलीवर आम्ही पहिल्यांदा अभंगच लावून पाहिले, आठवतंय ना? मग चोर तरी दुसरे काय करील? सगळ्यांना पाठ असलेली ओळ ही वाक्य दिसते, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो यादीतला एकच शब्द. १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी यावर एक गमतीशीर पण पक्का मार्ग काढला, त्याला डाइसवेअर म्हणतात. ७,७७६ शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यायची. पाच वेळा फासा टाकायचा. सहा गुणिले सहा असे पाचदा केले की ७,७७६ च होतात. पडलेल्या आकड्यांचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द घेतले तर सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न करणाऱ्यालाही सगळ्या शक्यता संपवायला सुमारे सात हजार वर्षे लागतील. यातली ताकद शब्दांच्या अवघडपणात नाही, ती फाशात आहे. निवड माणसाच्या हातून काढून घेतली, हीच खरी सुधारणा. एनिग्मावर बसलेल्या शिपायाला फासा दिला असता तर रेयेव्स्कींचे काम बरेच अवघड झाले असते.

सरकारी सल्ला मात्र मधल्या काळात भलतीकडे गेला. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेवरून जगभर नियम रुळला: मोठे अक्षर, आकडा, चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदल. लोकांनी काय केले? शेवटी एक, मग दोन, मग तीन. २०१७ मध्ये संस्थेने हे धोरण सोडले, लांबीवर भर दिला, आणि कारण नसताना बदल करायला लावू नये असे सांगितले. मूळ मजकूर लिहिणारे बिल बर त्याच वर्षी आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असे जाहीरपणे म्हणाले. आपल्या कार्यालयांत दर तीन महिन्यांनी जो छळ चालतो, त्याचे हे मूळ.

स्मरणाची फजिती

इथे आमची स्वतःची फजिती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही काही खाजगी लेखन बंद करून ठेवले. वाक्य मराठी, टंकले रोमन अक्षरांत. वर्षभराने उघडायला गेलो. वाक्य चोख आठवत होते, पण त्यात एक 'ज्ञ' होता! तो डी-एन-वाय लिहिला होता, जी-एन की जे-एन? 'आ'ला एक ए की दोन? 'श' आणि 'ष' वेगळे केले होते का? पंचवीस-तीस प्रकार कागदावर मांडले, तेव्हा एकदाची फाइल उघडली. तर्कशास्त्राचा उपयोग झाला तो असा.

मग देवनागरीतच लिहावे का? त्यातही खाच आहे. 'दुसऱ्या'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. दिसायला अक्षर एकच, संगणकाच्या लेखी मात्र दोन निराळे आकडे. शिवाय कुलूप उघडण्याच्या वेळी मराठी कळफलक समोर असेलच असे नाही. म्हणून मराठी शब्द जरूर घ्यावेत, पण ज्यांच्या रोमन स्पेलिंगला दोन वाटा फुटत नाहीत असे: कमळ, नदी, लिंबू या जातीचे. सगळे छोट्या लिपीत, मध्ये एकेक जागा सोडून. हा नियम ठरवावा आणि मोडू नये.

केर्कहॉफ्स म्हणाले होते, कागदावर लिहू नका. लष्करी तारयंत्रासाठी ते योग्यच होते, कारण तिथे कागद शत्रूच्या हाती पडण्याची भीती रोजची. पण आपला शत्रू कोण? बहुतेकांच्या फायलींवर टपलेला चोर इंटरनेटच्या पलीकडे बसलेला असतो, त्याचा हात आपल्या पाकिटापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच ब्रूस श्नायर यांच्यासारख्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्ये सांगितले की चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि इतर मोलाच्या कागदांसारखा जपा. मौल्यवान कागद सांभाळणे माणसाला जमते, शंभर शब्द पाठ ठेवणे जमत नाही. अनेक पासवर्डांसाठी पासवर्ड मॅनेजर वापरला, तरी त्याचे एक मुख्य वाक्य उरतेच, आणि त्याला हाच न्याय.

चोरीची भीती आणि विसरण्याची भीती अशा या दोन भीती आहेत. पहिलीचीच चर्चा होते, पण घराघरांतून खरे नुकसान बरेचदा दुसरी करते. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रॅमरची हकीकत जगभर छापून आली. त्याचे ७,००२ बिटकॉइन अशा उपकरणात अडकले होते की दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते कायमचे बंद होणार. त्याचे आठ प्रयत्न झाले होते. पासवर्ड लिहिलेला कागद त्याने हरवला होता. कागद लिहिला होता, प्रत केली नव्हती.

वाटलेली किल्ली

आणि तिसरी भीती, जिच्यापासून आपण सुरुवात केली. किल्ली असलेला माणूसच गेला तर?

१९७९ मध्येच आदी शामीर यांनी 'गुपित कसे वाटावे' या अर्थाच्या शीर्षकाचा दोन पानांचा लेख लिहिला. सुरुवातीला एक कोडे आहे. अकरा शास्त्रज्ञांचे एक कपाट. सहा किंवा अधिक जमले तरच उघडावे. साध्या कुलपांनी करायचे तर ४६२ कुलपे लागतात आणि प्रत्येकाला २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात! शामीर यांनी दाखवले की गणिताने प्रत्येकाला एकच तुकडा देता येतो. ठरलेले तितके तुकडे जमले की गुपित उभे राहते, एक जरी कमी पडला तर काहीच कळत नाही. त्याच वर्षी जॉर्ज ब्लेकली यांनी स्वतंत्रपणे असाच मार्ग दाखवला.

घरगुती वापराला इतके गणित लागेलच असे नाही, तत्त्व मात्र घ्यावे. गुपित एकापाशीच असले तर ते त्याच्याबरोबर जाते, सगळ्यांपाशी असले तर ते गुपित राहत नाही. मधली वाट माणसे निवडून काढावी लागते.

आता सकळ लिपीकडे परत येऊ. कूट म्हणून ती साधी होती, आजचा संगणक तिला क्षणभरही दाद देणार नाही. पण सहाशे वर्षे ते ग्रंथ मूक झाले नाहीत. पंथात गुरूकडून शिष्याकडे वाचन चालत आले, किल्ली हातोहात पुढे गेली. आमच्या मित्राचे कुलूप त्या लिपीच्या कोटी पटींनी बळकट होते, आणि त्यांची टिपणे एका पिढीतच गप्प झाली. किल्ली जपणे याचा अर्थ आपण फक्त लपवणे असा घेतो. योग्य हाती वेळेवर सोपवणे हाही जपण्याचाच भाग, आणि तो गणित आपल्यासाठी करत नाही.

त्या तीन संध्याकाळींनंतर आमच्या घरी काय बदलले, तेवढे सांगून थांबू. फाशाने काढलेले सहा शब्दांचे वाक्य दोन कागदांवर लिहिले. एक घरच्या कपाटात, दुसरा बंद पाकिटात लेकीच्या घरी. पाकिटावर फायलीचे नाव आहे, ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडते ते आहे, वाक्य कसे टंकायचे तो नियम आहे. किल्लीच्या फायलीची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर. आणि दर खंडेनवमीला, घरात हत्यारे-अवजारे पुजायला काढतो तेव्हा, कागद समोर ठेवून एकदा फाइल खरोखर उघडून पाहतो. पहिल्या वर्षी आम्ही उघडली. दुसऱ्या वर्षी मुद्दाम आम्ही बाजूला बसलो आणि लेकीला उघडायला लावली. तिला वीस मिनिटे लागली. दोन सूचना चुकीच्या निघाल्या, त्या तिथल्या तिथे सुधारल्या.

त्याच दुपारी वहिनींचा फोन आला होता. लॅपटॉप त्यांनी अजून टाकलेला नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे भाऊजी, कधी काही सुचलं तर."

आपणही आज घरी गेल्यावर एवढेच पाहावे, की आपल्या बंद फायलींची किल्ली आपल्याखेरीज आणखी कोणापाशी आहे.